वारसा-विचारणा : छप्पर हरवलेल्या चर्चमध्ये पाहायचे काय?

वसईच्या किल्ल्यातील आणि गोव्यातील पडक्या चर्चवास्तूंविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत. पहिल्या प्रश्नाला जागा अधिक दिली आहे, कारण पुढच्या बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : आम्ही पतीपत्नी या हिवाळ्यात वसईचा किल्ला पाहण्यासाठी जाणार आहोत. काही वर्षांपूर्वी गेलो होतो, तेव्हा तासाभरातच सगळी चर्च सारखी वाटू लागली. उघड्या भिंती, रिकाम्या कमानी आणि त्यांतून दिसणारे आकाश यापलीकडे काही कळेना. ही वास्तू पाहायची कशी आणि हाताशी वेळ थोडा असेल तर कोणते चर्च निवडावे? (निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

उत्तर : सगळी सारखी वाटली, कारण आपण एका फेरीत सगळी पाहायला निघालात. किल्ल्याचा विस्तार सुमारे ११० एकर आहे. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या ख्रिस्ती साधूंच्या वेगवेगळ्या धर्मसंघांची चर्च आणि मठ आहेत आणि शिवाय शहराचे मुख्य चर्च आहे ते निराळेच. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, तेव्हापासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत दोनशेहून अधिक वर्षे हे नांदते शहर होते. एवढ्या काळातले बांधकाम एका सकाळी उरकू पाहिले तर डोळा थकणारच. माझा आग्रह असा की एका भेटीत एकच चर्च नीट पाहावे, फार तर दोन, आणि बाकीच्यांना जाता-येता नुसता नमस्कार करावा.

चर्च कोणतेही निवडा, आत शिरल्यावर प्रथम छप्पर शोधा. ते नाही हे दिसतेच, पण कुठे नाही आणि कुठे आहे, हा फरक पाहण्यासारखा आहे. भाविक जेथे बसत तो लांबट, रुंद भाग लाकडी तुळया-वाशांनी आणि कौलांनी झाकलेला असे. वास्तूचा वापर थांबला आणि दरवर्षीची शाकारणी बंद पडली, की कोकणच्या पावसात असे लाकूड फार काळ तग धरत नाही. त्यातच कामाचे लाकूड काढून नेणारे हातही असतातच. वेदीजवळचा भाग आणि बाजूच्या छोट्या प्रार्थनाकोठड्या म्हणजे चॅपेल मात्र बहुधा दगडी कमानछताच्या असत आणि अशी छते अनेक ठिकाणी अजून उभी आहेत. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये हे उत्तम दिसते : मधला भाग आभाळाखाली उघडा पडला आहे, पण दोन्ही बाजूंच्या चॅपेलवरील कमानछते पुष्कळशी शाबूत आहेत. म्हणजे आज आपल्याला जे दिसते ते बव्हंशी इमारतीचे दगडी अंग आहे आणि तिचे लाकडी अंग आपण मनाने भरून काढायचे आहे.

ते भरून काढायला भिंतीच मदत करतात. मठाच्या किंवा मनोऱ्याच्या भिंतीवर एका ओळीत, सारख्या अंतरावर चौकोनी खोबणी दिसल्या तर तेथे तुळया बसवलेल्या होत्या, म्हणजे त्या उंचीवर एक मजला होता असे समजावे. मग त्या ओळीच्या वर अधांतरी वाटणारी खिडकी कोणासाठी होती, हे कोडे सुटते. भिंतीवर तिरपी रेघ उमटलेली दिसली तर एखादे उतरते छप्पर तेथे येऊन टेकत असावे. बुजवलेला दरवाजा, कमानीच्या आत घातलेली दुसरी लहान कमान, घडीव दगडांच्या थरात मध्येच आलेले अनघड दगड, या सगळ्या नंतरच्या फेरफाराच्या खुणा आहेत. दहा मिनिटे एकाच भिंतीसमोर उभे राहिले तर अशा तीन-चार गोष्टी सहज सापडतात.

पडक्या चर्चचा उघडा काळपट दगड पाहून बऱ्याच जणांना वाटते की ते मुळातच तसे उग्र दिसत असावे. ही समजूत सोडून द्यावी. अनघड दगडांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा असे, त्यावर पांढरी सफेदी असे आणि मोजक्या जागी रंगकामही असे. कोनाड्याच्या आतल्या अंगाला, कमानीच्या पोटात, जेथे पावसाचा मारा थेट पोहोचत नाही तेथे हा गिलावा अजून चिकटून राहिलेला दिसतो. घडीव, कोरीव दगड तेवढा चौकटींसाठी, खांबांसाठी आणि दर्शनी भागासाठी वापरत. हा वसईचा दगड इतका नावाजलेला होता की गोव्यातील बासिलिका ऑफ बॉम जीझसच्या दर्शनी भागावरील कोरीवकामासाठी तो समुद्रमार्गे तिकडे नेला गेला. तेथे जांभ्याच्या भिंतीत बसवलेला हा करडा दगड आजही वेगळा ओळखू येतो.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये गेलात तर खाली पाहून चालावे, कारण जमिनीवर पोर्तुगीज भाषेतील कबरींचे दगड बसवलेले आहेत. चर्चच्या आत पुरले जाण्याचा मान तेथे पैशाने आणि प्रतिष्ठेने मिळत असे. अशा दगडांवर ‘ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची’ या अर्थाचा मजकूर वारंवार येतो, म्हणजे जमिनीचा तो तुकडा एखाद्या वतनासारखा घराण्याकडे राहत असे. अक्षरे वाचायची असतील तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. तिरप्या प्रकाशात झिजलेले अक्षरही उठून दिसते आणि माथ्यावरच्या उन्हात ठळक अक्षरही सपाट होते. अक्षरांवर खडू फिरवणे, पाणी ओतणे किंवा शेवाळ काढण्यासाठी ती खरवडणे कृपा करून टाळावे. मोबाइलची बत्ती दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून धरली तरी तेवढेच काम होते.

निवड करायचीच तर पहिल्या भेटीसाठी मी बंदराकडील दरवाजाजवळचे सेंट जोसेफ चर्च सुचवीन. हे शहराचे मुख्य चर्च. त्याची स्थापना १५४६ ची मानली जाते आणि दर्शनी भागावरील लेखात १६०१ मधील पुनर्बांधणीची नोंद आहे. त्या लेखात त्या वेळचे गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांचे नाव येते. पडक्या इमारतीने आपले साल आणि आपल्या कर्त्याचे नाव स्वतःच सांगावे, असा योग थोड्याच ठिकाणी येतो. त्याचा उंच घंटामनोरा दुरूनही ओळखू येतो. मनोऱ्यातील अरुंद चक्री जिना खुला असेल तर एकेकाने चढावे आणि बंद असेल तर हट्ट धरू नये.

दुसरे निवडायचे तर जेझुइटांचे चर्च निवडावे. किल्ल्यातील चर्चमध्ये याचा दर्शनी भाग सर्वांत चांगल्या स्थितीत आहे आणि आता ते गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५७ मध्ये वसईतला. जेझुइटांच्या छायेत त्यांचे शिक्षण झाले, पुढे जपानात व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना इतर धर्मबंधूंबरोबर क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांच्या सणाला वसईचे भाविक येथे आजही जमतात, हे ध्यानात ठेवून आत वावरावे.

वेळेविषयी दोन शब्द. पावसाळ्यात शेवाळामुळे पायऱ्या अतिशय निसरड्या होतात आणि ओल्या भिंतीतून दगड सुटण्याचा धोकाही याच दिवसांत जास्त असतो. पावसाळा संपताच जावे तर गवत कमरेइतके वाढलेले असते आणि त्यात साप-विंचू असू शकतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपण ठरवलेला काळ योग्यच आहे.

प्रश्न : एवढी सुंदर चर्च सरकार पुन्हा पूर्ववत का बांधून काढत नाही? छप्पर घातले, फरशी केली तर लोक अधिक येतील. नुसत्या भिंती सांभाळण्यात काय अर्थ आहे? (व्यावसायिक, कोल्हापूर)

उत्तर : पूर्ववत म्हणजे कोणत्या सालासारखे, हे आधी ठरवावे लागेल. सेंट जोसेफ चर्चचेच पाहा : १५४६ चे उभारायचे, १६०१ चे, की १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती आले तेव्हाचे? छप्पर नेमके कसे होते याची मोजमापे असलेले आराखडे हाती नसतील तर आपण जे बांधू ती आपली कल्पना असेल आणि पाहणाऱ्याला मात्र ती सोळाव्या शतकातली वाटेल. या फसवणुकीच्या भीतीनेच १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे स्मारकांच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याने, पुरातत्त्वीय अवशेषांचे पुनर्बांधकाम तत्त्वतः नाकारले. ढासळलेले मूळ दगड त्यांच्या मूळ जागी पुन्हा बसवण्यापुरती तिची परवानगी आहे आणि नवे साहित्य वापरलेच तर ते ओळखू आले पाहिजे असे तिचे म्हणणे आहे.

नुसत्या भिंती सांभाळणे हे दिसते तेवढे सोपे कामही नाही. छप्पर असलेल्या इमारतीत भिंतीचा माथा झाकलेला असतो. छप्पर गेले की तोच माथा पाऊस पिऊ लागतो, पाणी भिंतीच्या पोटात उतरते, आतला चुना वाहून जातो आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून पोकळ होत जाते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले वड, पिंपळ किंवा उंबराचे बी अशा फटीत रुजले की काही वर्षांत त्याची मुळे दगडांना पाचरीसारखी फाकवतात. वरचे झाड कापून भागत नाही, कारण मूळ जिवंत राहिले तर ते पुन्हा फुटते. आणि जाड मूळ ओढून काढले तर त्याने धरून ठेवलेली भिंतच सुटते. म्हणून भिंतीचा माथा चुन्यात बंद करून पाणी बाहेर पडेल असा ढाळ देणे, पोकळ्यांत पातळ चुना भरणे, दरजा भरणे आणि रोपटी कोवळी असतानाच काढणे, ही कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात. ती झालेली कोणाला दिसत नाहीत. न झाल्यावर मात्र सगळ्यांना दिसतात.

जुन्या डागडुजीत सिमेंट वापरलेले दिसले तर ते का खटकते, तेही सांगतो. चुना भिंतीतली ओल बाहेर पडू देतो आणि इमारत थोडी हलली तरी सांभाळून घेतो. सिमेंट कठीण आणि बंद असते. ओल मग जवळच्या मऊ दगडातून वाट काढते, तिच्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि दगडाच्या खपल्या पडू लागतात. दुरुस्ती टिकते आणि मूळ दगड जातो, असा हा उलटा व्यवहार आहे.

अधिक लोक यावेत ही आपली इच्छा रास्त आहे. त्यासाठी चांगली पायवाट, सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि मूळ इमारत कशी असावी हे दाखवणारा एखादा रेखाटलेला फलक एवढे केले तरी मोठा फरक पडेल, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्याकडील नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटा वसईच्या चर्चमधील आहे असे लहानपणापासून ऐकत आलो. हे खरे मानावे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : परंपरा तशी आहे आणि तिला बळ देणारा पुरावा घंटेवरच आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि पंचवटीतील मंदिर उभे राहिले ते १७४७ मध्ये. देवळाहून घंटा जुनी, आणि तीही युरोपीय घडणीची, तेव्हा ती दुसरीकडून आली हे उघड आहे. वसईच्या मोहिमेत नारोशंकरांचा सहभाग होता आणि विजयानंतर चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी आपापल्या देवस्थानांना वाहिल्याची उदाहरणे महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. ती किल्ल्यातील नेमक्या कोणत्या चर्चची, याबाबत मात्र छातीठोक विधान करू नये. वसईला गेलात की सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली उभे राहून वरचा घंटेचा रिकामा मजला पाहावा आणि मग नाशिकची घंटा पुन्हा एकदा पाहावी. एका वास्तूचे दोन भाग इतक्या अंतरावर पाहण्याची संधी आपल्या गावामुळे आपल्याला मिळाली आहे.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांची सहल जुन्या गोव्याला न्यायची आहे. मोठ्या चर्चमध्ये मुले रमतात, पण सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी त्यांना काय सांगावे हे उमगत नाही. (शिक्षिका, सांगली)

उत्तर : उलट मुलांना सर्वांत जास्त सांगण्यासारखे याच ठिकाणी आहे. मोन्ते सांतो टेकडीवरील हे चर्च १६०२ मध्ये पुरे झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांवर बंदी आणली, तेव्हा साधूंना ते सोडावे लागले. देखभाल संपल्यावर अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, मुख्य छताची प्रचंड कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच आहे. येथे तोफ डागली गेली नाही की भूकंप झाला नाही, केवळ माणसे निघून गेली, एवढे मुलांना सांगितले की पुढचे प्रश्न त्यांच्याकडूनच येतील.

मनोरा जांभ्याचा आहे, हे मुलांना जवळून दाखवावे. या दगडाची भोके आणि लालसर पूड पाहिली, की गिलाव्याचे कवच का लागते हे वेगळे समजवावे लागत नाही. याच संदर्भात बॉम जीझसच्या उघड्या जांभ्याकडे लक्ष वेधता येईल. त्याचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने काढून टाकला आणि तो पुन्हा चढवावा की नाही, यावर आजही मतभेद आहेत. मुलांना दोन बाजूंनी वाद घालायला हा विषय फार चांगला आहे.

आणखी एक गोष्ट मुले विसरणार नाहीत. जॉर्जियातील काखेती प्रांताची राणी केतेवान हिने धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा वध झाला. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष गोव्यात आणून या मठात ठेवले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात एकविसाव्या शतकाच्या आरंभी हाडाचा एक तुकडा सापडला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात त्याची डीएनए तपासणी झाली, तो राणीचाच असावा असा निष्कर्ष निघाला आणि २०२१ मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केला. जुन्या कागदपत्रांत एका विशिष्ट खिडकीचा उल्लेख होता आणि ती खिडकी कोठे असावी याचा शोध या पडझडीत घ्यावा लागला. पडक्या भिंतींचा नकाशा काळजीपूर्वक तयार करण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारलेच तर हे उदाहरण पुरेसे आहे.

या मनोऱ्यातली घंटा येथून आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये तेथून पणजीच्या चर्चमध्ये. परतीच्या वाटेवर पणजीला थांबणार असाल तर मुलांना ती दाखवता येईल. रांगेने चालणे, भिंतींवर न चढणे आणि फरशांचे तुकडे खिशात न घालणे, हे तीन नियम मात्र बसमधून उतरण्यापूर्वीच सांगावेत.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या लग्नाआधीचे छायाचित्रण एखाद्या पडक्या चर्चमध्ये करायचे आहे. परवानगी लागते का? आणि आम्ही ख्रिस्ती नाही, तर वेदीच्या जागी उभे राहिलेले चालते का? (ठाणे)

उत्तर : संरक्षित स्मारकात हातातल्या साध्या कॅमेऱ्याने आपल्यापुरते छायाचित्र घेण्यास सहसा अडचण नसते. तिपाई, दिवे, कपडे बदलण्याची सोय आणि चार-पाच जणांचे पथक असे स्वरूप आले की पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संबंधित मंडळ कार्यालयाकडून आधी लेखी परवानगी घ्यावी. ड्रोनसाठी तर ती घ्यावीच लागते. स्मारके साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त खुली असतात, त्यामुळे रात्रीच्या रोषणाईचा बेत सोडून द्यावा. ठरवून दिलेल्या जागेखेरीज तेथे अन्न शिजवणे आणि खाणेही नियमाबाहेर आहे. रंगीत धुराच्या कांड्या, खिळे, चिकटपट्ट्या यांना मी स्वतः परवानगी मागूही देणार नाही. स्मारकाची हानी किंवा विद्रूपीकरण केल्यास प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर कायद्यात सापडणार नाही. पडक्या चर्चमध्ये पादत्राणे काढण्याची प्रथा नाही आणि आत जायला धर्म कोणी विचारत नाही. पण वेदीच्या चौथऱ्यावर चढून, कबरीच्या दगडावर बसून छायाचित्रे काढू नयेत. एखाद्या पडक्या देवळाच्या गाभाऱ्यात जे करताना आपण संकोचलो असतो, ते येथेही करू नये.

प्रश्न : वसईपर्यंत जाणे वयोमानामुळे जमत नाही. मुंबई शहरातच असे एखादे पडके चर्च पाहता येईल का? (अंधेरी)

उत्तर : आपल्या अंधेरीतच आहे. सीप्झच्या आवारातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले आणि १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे वस्ती हलली तेव्हा ते सोडून दिले गेले. आज ते औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणाआड असल्यामुळे रोज जाता येत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मात्र वार्षिक प्रार्थनेसाठी ते लोकांना खुले होते. उन्हाचा त्रास होत असेल तर सकाळी लवकर पोहोचावे.

वर्षभर केव्हाही पाहायचे असेल तर बोरिवलीजवळील मंडपेश्वरला जावे. ही मुळात शैव लेणी असून सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी त्यांचा चर्च म्हणून वापर केला आणि वरच्या बाजूला मठ बांधला, त्याच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. लेण्यात नटराजाचे शिल्प पाहून झाले की खडकात कोरलेला क्रूसही शोधावा. लेणी रस्त्यालगत असल्यामुळे फार चालावे लागणार नाही. वरच्या भिंतींकडे जाणारी वाट मात्र खडबडीत आहे, तेव्हा त्या खालूनच पाहिलेल्या बऱ्या.